‘लेझर’चे ‘आयएलसीए’ कसे झाले? एका छोट्या होडीची आणि तिच्या मालकांची कहाणी

चीनमधील हांगचौ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत नेहा ठाकूरने रौप्यपदक आणि विष्णू सरवणनने कांस्यपदक पटकावले, तेव्हा त्यांच्या प्रकारांची नावे ‘आयएलसीए ४’ आणि ‘आयएलसीए ७’ अशी छापून आली. त्याआधी २०२१ मध्ये नेत्रा कुमनन ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी पहिली भारतीय महिला सेलर ठरली, तेव्हा बातम्यांत तिचा प्रकार ‘लेझर रेडियल’ असा होता. या खेळाशी ज्याचा रोजचा संबंध नाही अशा वाचकाचा समज साहजिकच असा होतो की मधल्या दोन वर्षांत होड्याच बदलल्या असाव्यात. प्रत्यक्षात होडी तीच आहे, तिचा आकारही तोच आहे आणि १९७१ पासून तो बदललेला नाही. बदलले ते नाव, आणि ते का बदलले हे समजून घ्यायचे तर या होडीच्या आराखड्यापेक्षा तिच्या मालकांच्या संघटनेकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

‘क्लास’ म्हणजे नेमके काय?

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पहिला प्रश्न नेहमी न्यायाचा असतो. लांब होडी साधारणपणे आखूड होडीपेक्षा वेगाने जाते, हलकी होडी जड होडीपेक्षा लवकर वेग घेते आणि मोठ्या शिडाला जास्त वारा मिळतो. मग वेगवेगळ्या होड्या एकाच शर्यतीत उतरल्या, तर जिंकली ती होडी की ती चालवणारा माणूस, हे ठरवायचे कसे? यावर एक उपाय असा की प्रत्येक होडीच्या अपेक्षित वेगाप्रमाणे तिच्या वेळेत गणिताने सूट किंवा वाढ द्यायची. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी प्रश्नपत्रिका देऊन नंतर काठिण्यपातळीनुसार गुण जुळवण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यात गैर काही नाही, पण निकालानंतरची कुरकुर कधीच संपत नाही. दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची, म्हणजेच सगळ्यांनी हुबेहूब एकसारख्या होड्या घेऊन उतरायचे.

एकाच नियमपुस्तिकेखाली शर्यतीत उतरणाऱ्या होड्यांच्या समूहाला ‘क्लास’ म्हणतात, आणि ज्या क्लासमध्ये सगळ्या होड्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या असतात त्याला ‘वन-डिझाइन’ क्लास म्हणतात. या कल्पनेचा उगम डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर सापडतो. तिथे १८८७ मध्ये ‘वॉटर वॅग’ नावाच्या छोट्या होड्यांचा क्लास सुरू झाला. त्या काळी ऐपतदार मालक दर हंगामात अधिक वेगवान होडी बांधून घेत आणि गेल्या वर्षीची होडी एका रात्रीत निरुपयोगी ठरे. या चढाओढीला कंटाळलेल्या मंडळींनी सगळ्यांच्या होड्या एकाच मापाच्या बांधायचे ठरवले. हा क्लास आजही चालू आहे. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत ‘स्टार’, १९३१ मध्ये ‘स्नाइप’ आणि १९४७ मध्ये मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ असे क्लास आले आणि जगभर पसरले.

क्लास ही वस्तू नसून मालकांनी आपापसांत केलेला करार आहे, ही गोष्ट इथेच लक्षात घ्यायला हवी. होडी एखादा माणूस एकटाही विकत घेऊ शकतो, पण तिच्यासारख्याच आणखी होड्या आणि त्या तशाच राहतील याची हमी नसेल, तर त्याच्याकडे शर्यतीची होडी आहे असे म्हणता येणार नाही. पुढचा सगळा वाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

फोनवर बोलताना काढलेले चित्र

ब्रूस कर्बी हा कॅनडाचा पत्रकार आणि होड्यांचा आराखडाकार होता. १९५६ आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये तो ‘फिन’ या एकट्याने चालवायच्या होडीवर आणि १९६८ मध्ये ‘स्टार’ क्लासमध्ये उतरला होता. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलमधील त्याचा मित्र, औद्योगिक डिझाइनर इयन ब्रूस, याने त्याला फोन केला. हडसन्स बे कंपनीला आपल्या सहलीच्या सामानाच्या यादीत मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी एक छोटी होडी हवी होती. बोलता बोलता कर्बीने समोरच्या कागदावर तिचे रेखाचित्र काढले. कंपनीने पुढे होडीचा विचार सोडून दिला. कर्बीने मात्र चित्र जपून ठेवले.

त्या चित्राचे नशीब वर्षभरातच उघडले. कर्बी ज्या सेलिंग-मासिकाचा संपादक होता, त्या मासिकाने ऑक्टोबर १९७० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे हजार डॉलरपेक्षा कमी किमतीच्या होड्यांची ‘अमेरिकाज टीकप’ नावाची स्पर्धा भरवली. या स्पर्धेसाठी इयन ब्रूसने पहिली होडी बांधली, शीड हान्स फॉग या नामांकित कारागिराने शिवले आणि होडी चालवलीही त्यानेच. तेव्हा तिचे नाव ‘वीकेंडर’ होते. सुरुवातीला शीड मनासारखे बसेना, म्हणून फॉगने स्पर्धेदरम्यानच ते पुन्हा कापून शिवले, आणि नंतर होडीने बाजी मारली. जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये ती ‘लेझर’ या नावाने लोकांसमोर आली आणि त्या एकाच प्रदर्शनात १४४ होड्यांची मागणी नोंदवली गेली.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये बर्म्युडा येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लेझरचा समावेश झाला आणि २००८ पासून तिचे ‘रेडियल’ रूप महिलांसाठी आले. आजवर बांधलेल्या होड्यांचे क्रमांक दोन लाखांच्या पुढे गेले आहेत.

होडीत असते तरी काय?

लेझरची लांबी ४.२३ मीटर आणि रुंदी साधारण १.४ मीटर असते, तर फायबरग्लासच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ५९ किलो भरते. ती चालवतो एकच माणूस आणि तिला शीडही एकच असते. डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, शिडाच्या कडेला शिवलेली लांब खोळ त्या काठीवर मोज्यासारखी चढवायची आणि ती काठी उभी करून होडीच्या पुढच्या भागातील भोकात सरळ खाली सोडायची. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा नाहीत, आणि शीड वर खेचायला दोरही नाही. मधल्या फटीतून पाण्यात उतरणारी उभी फळी होडीला वाऱ्याच्या जोराने आडवे सरकू देत नाही, आणि मागे सुकाणू असते.

वारा वाढला की होडी कलंडू लागते. तेव्हा चालवणारा पाय एका पट्ट्याखाली अडकवून कमरेपासून वरचे सगळे शरीर होडीच्या बाहेर, पाण्यावर झोकून देतो. होडी सरळ ठेवणारे वजन दुसरे कुठलेच नाही. म्हणूनच या होडीत शरीराच्या वजनाला फार महत्त्व आहे, आणि ४, ६ व ७ या आकड्यांचा उलगडाही त्यातच आहे. सांगाडा, सुकाणू आणि फळी तिन्ही प्रकारांत एकच असतात. बदलतो तो डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड. आयएलसीए ७ चे शीड ७.०६ चौरस मीटरचे असते आणि ते साधारण ८० किलोच्या आसपासच्या माणसाला मानवते. आयएलसीए ६, म्हणजे पूर्वीची ‘रेडियल’, हिचे शीड ५.७६ चौरस मीटरचे आहे. आयएलसीए ४ ला ४.७ चौरस मीटरचे शीड असते आणि ते प्रामुख्याने किशोरवयीन मुला-मुलींसाठी असते. मूल मोठे झाले की नवी होडी घ्यावी लागत नाही. शीड आणि काठीचा खालचा तुकडा बदलला की तीच होडी पुढच्या प्रकारात उतरते. या होडीच्या प्रसारामागे ही सोय फार मोठे कारण आहे असे मला वाटते.

सारखेपणा राखतो कोण?

‘सगळ्या होड्या सारख्या’ हे म्हणायला सोपे आहे. पण होडी फायबरग्लासच्या थरांत राळ मुरवून हाताने घडवली जाते. थर किती, राळ किती, कुठे जाड आणि कुठे पातळ, यावर तिचे वजन आणि ताठपणा ठरतो, आणि ताठ होडी लाटांतून चांगली निघते. त्यामुळे लेझरचे उत्पादन करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला एका गोपनीय बांधणीपुस्तिकेप्रमाणे काम करावे लागते. होडीत काय घालायचे, कोणत्या क्रमाने आणि किती, हे सगळे त्यात ठरलेले असते. होडी तयार झाली की तिच्यावर मान्यतेची एक छोटी पाटी बसते. ही पाटी नसेल, तर ती होडी कितीही हुबेहूब असली तरी शर्यतीत उतरू शकत नाही.

मालकावरचे बंधनही तितकेच कडक आहे. होडी कारखान्यातून आली तशीच ठेवायची आणि नियमपुस्तिकेत ज्याची स्पष्ट परवानगी दिलेली नाही असा कोणताही बदल करायचा नाही, हा या क्लासचा मूलभूत नियम आहे. अनेक क्लासच्या नियमांत काय करू नये याची यादी असते आणि उरलेले सगळे मोकळे असते. इथे ते उलटे आहे. नियम गप्प असेल, तर उत्तर ‘नाही’ असेच समजायचे.

तरीही कुजबुज होतीच. अमुक खंडात बांधलेल्या होड्या अधिक ताठ आणि टिकाऊ असतात, असे नामांकित खेळाडू उघडपणे म्हणत आणि त्या मिळवण्यासाठी धडपडत. ऑलिंपिकमध्ये यावर एक सरळ तोडगा आहे: तिथे खेळाडू स्वतःची होडी आणतच नाहीत, आयोजक सर्वांना नव्या होड्या पुरवतात.

हा सारखेपणा प्रत्यक्ष खेळात काय घडवतो, हे १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकमध्ये दिसले. अटलांटात ब्राझीलचा रॉबर्ट शाइट सुवर्णपदक आणि ब्रिटनचा बेन एन्स्ली रौप्यपदक घेऊन गेला. चार वर्षांनी सिडनीत शेवटच्या शर्यतीपूर्वी शाइट पुन्हा आघाडीवर होता. होड्या एकसारख्या असल्यामुळे एन्स्लीला नुसत्या वेगाच्या बळावर फारसे काही करता येण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने पुढे जाण्याचा नादच सोडला आणि शाइटच्या वाऱ्याच्या बाजूला राहून, त्याच्या शिडाचा वारा तोडत, त्याला ताफ्याच्या मागच्या टोकाला रोखून धरले. सुवर्णपदक एन्स्लीला मिळाले. ही खेळी नियमांत बसणारी होती, मात्र त्यावर पुढे बराच काळ चर्चा होत राहिली. शाइटने २००४ मध्ये अथेन्समध्ये पुन्हा सुवर्णपदक मिळवले, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी त्याच प्रकारच्या होडीत तो आठवा आला. पंचवीस वर्षांच्या अंतराने त्याच सांगाड्यावर ऑलिंपिक खेळता येणे, हे या क्लासच्या नियमांचे फळ आहे.

मालकांचे जग

लेझरच्या मालकांत ऑलिंपिकपटू मूठभरच आहेत. बहुसंख्य मालक आठवड्याच्या शेवटी आपापल्या तळ्यावर किंवा खाडीत शर्यती करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांकडे दुसऱ्या, तिसऱ्या हाताची होडी असते. जुनी होडी पारखण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी असते. सगळ्यात आधी डोलकाठी ज्या भोकात बसते, ते भोक पाण्याने काठोकाठ भरायचे आणि थोडा वेळ थांबायचे. पाण्याची पातळी खाली गेली, तर नळीचा तळ झिजला आहे आणि पाणी सांगाड्याच्या पोटात झिरपते आहे असे समजायचे. वाळूचे कण भोकात राहिले की काठी प्रत्येक वळणाला त्यांच्यावर फिरते आणि फायबरग्लास खात जाते. हे वेळीच लक्षात आले नाही, तर एखाद्या दिवशी जोराच्या वाऱ्यात डोलकाठी वरचा पृष्ठभाग फाडून बाहेर येते. म्हणून जाणकार मालक काठी बसवण्यापूर्वी भोक धुऊन घेतो. त्यानंतर होडीच्या पृष्ठभागावर, विशेषतः बसण्याच्या जागेभोवती, अंगठ्याने दाबून पाहायचे. कुठे मऊ लागले तर आतले थर सुटले आहेत. शेवटी सांगाडा वजनकाट्यावर ठेवायचा, कारण वर्षानुवर्षे आत मुरलेले पाणी डोळ्यांना दिसत नसले तरी काट्यावर लपत नाही.

हे ज्ञान एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. ॲल्युमिनियमची वरची काठी वाकली की ती कशी सरळ करायची, दोरांची गाठ कोणती, कोणत्या वाऱ्यात शिडाला किती ताण द्यायचा, हे नव्या माणसाला शेजारी उभा असलेला प्रतिस्पर्धीच सांगतो. होड्या सारख्या असल्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा उपयोगी पडतो आणि लपवण्यासारखे फारसे काही उरत नाही. या खेळातली ही उदारता मला मनापासून मोलाची वाटते. होडीचा क्रमांक हीच मालकाची ओळख असते आणि शिडावर सामान्यतः तोच क्रमांक असतो. जाणकाराला तो आकडा पाहताच होडी साधारण कोणत्या काळातली आहे हे कळते.

वयाने मोठ्या खेळाडूंसाठी ‘मास्टर्स’ नावाची वेगळी जागतिक स्पर्धा होते. तिथे वयोगटांप्रमाणे शर्यती होतात आणि सगळ्यात वरच्या, ‘लेजंड’ गटात ७५ वर्षे पूर्ण केलेले सेलर उतरतात.

या सर्वांची संघटना म्हणजे आंतरराष्ट्रीय लेझर क्लास असोसिएशन. तिच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे म्हणजेच ‘आयएलसीए’. जिल्हा, देश, प्रदेश आणि जागतिक परिषद अशी तिची रचना आहे. नियमात बदल करायचा असेल, तर परिषदेची संमती पुरेशी नसते. तो प्रस्ताव सभासदांच्या मतदानाला जातो, मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांनी तो मंजूर करावा लागतो आणि शेवटी सेलिंगच्या जागतिक संस्थेची मान्यता लागते. त्यामुळे बदल हळू होतात. शिडाचा बाक कमी-जास्त करणाऱ्या दोरांना जादा कप्प्या लावण्याची मुभा या शतकाच्या सुरुवातीला मिळाली. त्यापूर्वी ते दोर ओढायला अंगात भरपूर ताकद लागे. शिडाची सुधारित, अधिक टिकाऊ आवृत्ती २०१५ च्या सुमारास आली, आणि त्यानंतर वाकून न राहणारी संमिश्र तंतूंची वरची काठी आली.

मग नाव का बदलावे लागले?

लेझरच्या बाबतीत चार वेगवेगळ्या गोष्टी चार वेगवेगळ्या हातांत होत्या. आराखड्याचे श्रेय आणि त्यावरील मानधनाचा करार कर्बीकडे होता. ‘लेझर’ हे नाव आणि शिडावरील तारकेसारखे चिन्ह वापरण्याचा हक्क, म्हणजे ट्रेडमार्क, वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळ्या उत्पादक कंपन्यांकडे होता. नियमांचा ताबा मालकांच्या संघटनेकडे होता, आणि ऑलिंपिकचा दरवाजा जागतिक संस्थेच्या हाती होता. जुन्या नियमानुसार, ज्याच्याकडे कर्बीशी करार आणि ट्रेडमार्क वापरण्याचा हक्क दोन्ही आहेत, तोच अधिकृत होडी बांधू शकत असे. सगळे एकदिलाने वागत होते तोवर ही घडी बसलेली होती. कोणी एक जण बाजूला झाला की ती विस्कटणार, हे उघड होते.

तसे घडायला सुरुवात झाली ती मानधनाच्या वादातून. कर्बी आणि युरोप-अमेरिकेतील उत्पादक लेझरपरफॉर्मन्स यांच्यात बिनसले. २०११ मध्ये संघटनेने सभासदांसमोर प्रस्ताव ठेवला की उत्पादकाचा कर्बीशी करार असलाच पाहिजे ही अट नियमातून काढावी. सभासदांनी तो मंजूर केला. कर्बीला हे साहजिकच अन्यायकारक वाटले. २०१३ मध्ये त्याने कनेटिकटमधील न्यायालयात उत्पादकाबरोबरच संघटना आणि जागतिक संस्था यांच्यावरही दावा दाखल केला, आणि आपल्या आराखड्याची होडी ‘टॉर्च’ या नव्या नावाने आणण्याचा प्रयत्नही केला. तो प्रयत्न रुजला नाही. खटला वर्षानुवर्षे चालला. २०२१ मध्ये कर्बीचे निधन झाले.

दुसरी ठिणगी २०१९ मध्ये पडली. बांधणीपुस्तिकेप्रमाणे काम होते की नाही हे पाहण्यासाठी संघटनेला कारखान्याची तपासणी करायची होती. लेझरपरफॉर्मन्सने ती करू दिली नाही, असे जाहीर करून संघटनेने मार्चमध्ये त्या कंपनीची उत्पादक म्हणून मान्यता रद्द केली. कंपनीला ही भूमिका मान्य नव्हती. पण त्याने एक मोठा पेच उभा राहिला: जगाच्या मोठ्या भागात ‘लेझर’ हे नाव वापरण्याचा हक्क त्याच गटाकडे होता. म्हणजे दुसऱ्या कोणी कारखान्याने तंतोतंत तीच होडी बांधली, तरी तिला त्या भागांत ‘लेझर’ म्हणून विकता आले नसते.

संघटनेपुढे दोन वाटा होत्या. नाव जपायचे, तर तपासणीचा हक्क सोडावा लागला असता. तपासणी जपायची, तर जवळजवळ पन्नास वर्षांचे, जगभर ओळखले जाणारे नाव सोडावे लागणार होते. एप्रिल २०१९ मध्ये संघटनेने दुसरी वाट धरली आणि होडीला आपल्याच आद्याक्षरांचे नाव दिले; बातम्यांत मात्र जुने नाव २०२१ मध्येही दिसत होते. नाव बेचव आहे, हे मान्य करायला हवे. निर्णय मात्र मला योग्य वाटतो, कारण शर्यतीत न्याय टिकतो तो सारखेपणामुळे. तपासणी न झालेल्या होडीवर जुने नाव असते, तरी त्या नावाला शर्यतीत काही अर्थ उरला नसता.

हा सगळा उद्योग मक्तेदारीचा नाही का?

ही शंका अगदी रास्त आहे आणि ती जागतिक संस्थेलाही आली होती. ऑलिंपिकमध्ये एकच होडी चालणार आणि ती ठरावीक कंपनीच विकणार असेल, तर स्पर्धा-कायद्यांचा, विशेषतः युरोपातील कायद्यांचा, प्रश्न उभा राहतो. म्हणून जागतिक संस्थेने ऑलिंपिकच्या होड्यांसाठी असे धोरण आणले की न्याय्य, वाजवी आणि भेदभाव न करणाऱ्या अटी पाळणाऱ्या कोणत्याही सक्षम उत्पादकाला परवाना मिळायला हवा. लेझरच्या जुन्या नियमात ते बसत नव्हते, कारण तिथे ट्रेडमार्क हीच प्रवेशाची किल्ली होती. २०१९ मध्येच सभासदांनी मतदानाने ती अटही काढून टाकली, आणि पुढे युरोप, आशिया व दक्षिण अमेरिकेतील नव्या कारखान्यांना परवाने मिळाले.

शिडाच्या बाबतीत मात्र तक्रार अजून शिल्लक आहे. क्लासचे अधिकृत शीड महाग असते, आणि दिसायला तसेच पण अधिकृत नसलेले शीड बरेच स्वस्त मिळते. सरावासाठी अनेक जण ते वापरतात, परंतु अधिकृत शर्यतीत ते चालत नाही. एकदा शिडाची शिवण खुली केली की सगळ्यात चांगला शिवणारा शोधण्याची चढाओढ सुरू होईल आणि खर्च कमी होण्याऐवजी वाढेल, असे संघटनेचे म्हणणे आहे. तर्क म्हणून ते पटते, पण अधिकृत शिडाची किंमत सामान्य मालकाच्या आवाक्यात ठेवण्याची जबाबदारीही त्याच तर्कातून संघटनेवर येते.

पन्नास वर्षांपूर्वीची होडी आज का चालवायची?

आजच्या मापाने लेझर जड आहे. ‘आरएस एअरो’ या नव्या होडीचा सांगाडा साधारण ३० किलोचा, म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनाचा आहे. मार्च २०१९ मध्ये स्पेनमधील वॅलेन्सिया येथे जागतिक संस्थेने लेझरला पर्याय शोधण्यासाठी चाचण्या घेतल्या. त्यात आरएस एअरोसह तीन नव्या होड्या लेझरच्या जोडीने पाण्यात उतरल्या. नव्या होड्या अधिक चपळ होत्या यात वाद नव्हता. तरीही जागतिक संस्थेच्या परिषदेने उत्पादनाविषयीच्या अटी घालून लेझरच कायम ठेवली.

यामागचे कारण व्यवहाराचे आहे. लेझर शंभराहून अधिक देशांत आहे, ती दुसऱ्या हाताने मिळते, तिचे सुटे भाग मिळतात आणि ती शिकवणारे लोक सगळीकडे आहेत. होडी बदलली, तर श्रीमंत देश एका वर्षात नवा ताफा उभा करतील. बाकीच्या देशांतील मुलांच्या वाट्याला मात्र दहा वर्षांची प्रतीक्षा येईल. वेगाच्या चाहत्यांसाठी इतर क्लास आहेतच.

पैसा तरीही बोलतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या पातळीवरचा खेळाडू मोठ्या स्पर्धेला कोरे शीड घेऊन येतो, कारण कापड वापराने मऊ पडते. त्याच्यामागे प्रशिक्षकाची मोटरबोट असते आणि वर्षातले कित्येक महिने तो चांगल्या वाऱ्याच्या ठिकाणी सराव करतो. एकसारखी होडी ही विषमता पुसू शकत नाही. पैशाने वेगवान सांगाडा विकत घेण्याचा मार्ग तेवढा ती बंद करते.

जुन्या लेझरचे काय?

नावबदलाची घोषणा झाली तेव्हा सामान्य मालकाच्या मनात पहिला प्रश्न हाच होता. ज्या लेझरवर तिच्या काळातील वैध मान्यता-पाटी आहे, ती होडी आजही क्लासच्या शर्यतीत उतरू शकते. तिला नाव बदलून घ्यावे लागत नाही की कुठे पुन्हा मोजूनही घ्यावे लागत नाही. काठी, सुकाणू, फळी किंवा शीड बदलायची वेळ आली, तर मान्यताप्राप्त उत्पादकाचा भाग घ्यावा लागतो, आणि ‘आयएलसीए’ म्हणून विकला जाणारा भाग जुन्या लेझरवर नीट बसतो, कारण मापे तीच आहेत. जुनी होडी घेताना म्हणूनच सांगाड्याइतकीच ती छोटी पाटी आणि होडीवरचा क्रमांक तपासून घ्यावा. पाटी काढलेली किंवा क्रमांक खरवडलेला असेल, तर ती होडी फिरायला ठीक आहे, पण क्लासच्या शर्यतीत तिची नोंद करून घेताना अडचण येते.